रक्त घरचंच आहे

आमच्याकडे संध्याकाळी साडेसात ते नऊ मालिका चालतात. मी फारशी बघत नाही, पण वाचायला बैठकीतच बसते, त्यामुळे कानावर पडतंच. दर दोन-चार महिन्यांनी कुठल्या ना कुठल्या मालिकेत डीएनए रिपोर्ट येतो. पांढरा लिफाफा, ढगांचा गडगडाट, प्रत्येकाचा चेहरा तीन-तीनदा, आणि मग कुणीतरी वाचून दाखवतं की हा मुलगा अमक्याचाच. संपलं! सगळं घर एका मिनिटात शहाणं होतं. सूनबाई म्हणते, "आई, हे बरं असतं ना, एकदा टेस्ट केली की भांडण मिटलं." मी काही बोलत नाही. पण एक प्रकरण मी जवळून पाहिलंय. त्यात टेस्टला सगळे तयार होते, आणि जी टेस्ट मागितली होती तिनं काहीही मिटलं नसतं. उलट एका लेकराचं नुकसान व्हायची भीती होती.

बरेच दिवस लिहीन लिहीन म्हणत होते. नाव-गाव गाळलं आहे आणि काही खुणा बदलल्या आहेत. तेव्हा नातेवाईक मंडळींनी "ती कोण हो?" म्हणून फोन करू नये, ही विनंती. सांगणार नाही.

माझी एक जुनी विद्यार्थिनी. २००३ च्या सुमारास दहावीला होती. अक्षर सुरेख, निबंधात हमखास पहिली, पण बारावी झाली की लग्न, हे घरात आधीच ठरलेलं. लग्न झालं ते आत्याच्या मुलाशी. आमच्या मराठवाड्यात यात नवल काही नाही. मामाच्या मुलीवर आतेभावाचा हक्कच असल्यासारखं बोलतात, पाळण्यातल्या पोरीला "ही आमची सून" म्हणून मोकळे होतात. इरावती कर्व्यांनी भारतातल्या नातेसंबंधांवरचा आपला ग्रंथ १९५३ मध्ये काढला, त्यातही महाराष्ट्रातल्या या चालीबद्दल लिहिलं आहे. तर तिची सासू म्हणजे तिची सख्खी आत्या. लग्नानंतरही ती तिला आत्याच म्हणते. पुढे याच नात्यानं एक गुंता केला, म्हणून हे मुद्दाम सांगून ठेवते.

नवरा ट्रकवर ड्रायव्हर. पंधरा-पंधरा दिवस बाहेर, पण कष्टाळू आणि निर्व्यसनी. घरात सासू, थोरला भाया, त्याचं कुटुंब आणि तेव्हा कॉलेजात असलेला धाकटा दीर. नवऱ्यानं ट्रकच्या पैशातून स्वतःच्या नावावर साडेचार एकर जमीन घेतली. एक मुलगी झाली. मग २०२२ मध्ये तो अपघातात गेला. मुलगी तेव्हा आठ वर्षांची होती.

२०२३ च्या उन्हाळ्यात ती माझ्याकडे आली, ते कागदांनी भरलेली कॅरीबॅग घेऊन. वारस नोंदीला भायानं हरकत घेतली होती, आणि प्रकरण तलाठी, मंडळ अधिकारी असं फिरून शेवटी दिवाणी कोर्टात गेलं होतं. भायाचं म्हणणं एका ओळीचं: पोरगी माझ्या भावाची नाही.

आता इथं थोडं गणित करावं लागतं. हिंदू वारसा कायद्याप्रमाणे अशा स्वकष्टार्जित जमिनीत बायको, मुलगी आणि आई या तिघींचा सारखा हिस्सा. साडेचार एकराचे तीन भाग, प्रत्येकी दीड एकर. मुलगी वारस नाही असं ठरलं तर दोनच भाग, म्हणजे सासूच्या वाट्याला सव्वादोन. आणि सासू राहते थोरल्याकडे. म्हणजे सगळी उलाढाल पाऊण एकरासाठी! पाऊण एकरासाठी मेलेल्या सख्ख्या भावाच्या पोरीला "ती त्याची नाही" म्हणायचं. मी चाळीस वर्षं या तालुक्यात काढलीत, मला याचं आश्चर्य वाटायला नको होतं, पण वाटलं.

भायाच्या वकिलानं अर्ज दिला होता. भाऊ तर हयात नाही, तेव्हा भायाचं रक्त घ्या, पोरीचं रक्त घ्या, डीएनए जुळवून बघा. गावात मात्र कुजबुज वेगळी होती. बोट धाकट्या दिराकडे होतं. नवरा बाहेर असायचा आणि दीर घरात, एवढंच भांडवल. हे कुठं कागदावर नव्हतं. घराची अब्रू जाईल म्हणून थोरल्यानंही धाकट्याचं नाव लिहिलं नव्हतं.

ती मला म्हणाली, "बाई, मी हो म्हणणार आहे. घ्या म्हणावं रक्त. माझ्या लेकराला कशाची भीती? एकदाचं होऊन जाऊ द्या."

मी तिला बाकी काही विचारलं नाही. तिनंही सांगितलं नाही. वाचकांपैकी कुणाला उत्सुकता असेल तर ती त्यांच्यापाशी.

शास्त्राचा आणि माझा संबंध एवढाच की शास्त्राच्या बाई रजेवर असल्या की त्यांचा तास माझ्याकडे यायचा. पण माझा भाचा बायोटेक्नॉलॉजी शिकून हैदराबादला एका प्रयोगशाळेत आहे. त्या रात्री त्याला फोन लावला. सगळं ऐकून त्यानं पहिला प्रश्न विचारला, "आत्या, संशय कुणावर आहे?" मी म्हणाले, लोक धाकट्या भावाचं नाव घेतात. तो म्हणाला, "मग थोरल्याचं रक्त घेऊन काय करणार?"

मला कळायला जरा वेळ लागला. मग कळलं आणि मी हसलेच. अहो, बाप मेलेला भाऊ असो नाहीतर धाकटा भाऊ असो, थोरला दोन्ही बाजूंनी काकाच! त्याच्या रक्तातून फार तर एवढं निघालं असतं की तो त्या मुलीचा काका आहे. बाप कोणता भाऊ, हे त्याच्या रक्ताला माहीतच नाही.

भाच्यानं मग तासभर शिकवणी घेतली. मला जे समजलं ते माझ्या भाषेत लिहिते. (शास्त्रवाल्यांनी सांभाळून घ्यावं.) आपल्या डीएनएच्या लांबलचक दोरीत काही ठिकाणी एकच छोटा तुकडा पुन्हा पुन्हा येतो. भजनात एकच चरण घोळवून म्हणतात ना, तसा. कुणाचा अकरा वेळा, कुणाचा चौदा वेळा. प्रत्येकाकडे अशा प्रत्येक ठिकाणी दोन आकडे असतात, एक आईकडून आलेला, एक बापाकडून. प्रयोगशाळा अशी वीसेक ठिकाणं तपासते. मुलाकडे अकरा आणि चौदा आहेत, अकरा आईचा आहे, तर चौदा बापाकडे असलाच पाहिजे. ज्याच्याकडे चौदा नाही तो बाप नव्हे. अनोळखी माणूस असेल तर वीसपैकी अनेक ठिकाणी आकडे चुकतात आणि तो सरळ बाहेर पडतो.

सख्ख्या भावांची गोष्ट निराळी. दोघांनी आकडे एकाच आई-बापांकडून उचललेले. त्यामुळे खऱ्या बापानं मुलाला जो आकडा दिला, तो त्याच्या भावाकडेही असण्याची शक्यता निम्म्याहून जास्त. वीस ठिकाणी मिळून भाऊ बहुधा कुठं ना कुठं चुकतोच, पण परक्यापेक्षा फार कमी ठिकाणी. त्यात आणखी एक भानगड. बापाकडून मुलाकडे जाताना क्वचित एखादा आकडा एकानं वाढतो किंवा घटतो. चौदाचा पंधरा होतो. त्यामुळे एखाद्या ठिकाणी चुकलं म्हणून प्रयोगशाळा लगेच "हा बाप नाही" म्हणत नाही. आता विचार करा, एखाद-दुसरं ठिकाण चुकलेलं आहे, तर तो आकडा बदललेला खरा बाप, की अगदी जवळून हुकलेला काका? म्हणून अशा वेळी आईचं रक्त हवं, जास्त ठिकाणं तपासायला हवीत आणि शक्य तर दोन्ही भाऊ शेजारी शेजारी तपासायला हवेत.

आणि मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं ते हे. रिपोर्टात ते ९९.९९ टक्के वगैरे लिहितात ना, ते कुणाच्या तुलनेत? तर त्याच समाजातल्या कुठल्याही परक्या पुरुषाच्या तुलनेत. रस्त्यावरचा कुणीही आणि हा माणूस, या दोघांत हा बाप असण्याची शक्यता ९९.९९. पण संशय जर सख्ख्या भावावर असेल तर तुलना त्या भावाशी करायला हवी, आणि तसं गणित मांडलं की तोच आकडा पुष्कळ खाली येतो. प्रयोगशाळेला हे सांगावं लागतं. भाचा म्हणाला, "आत्या, लोक आम्हाला रक्त देतात, पण घरातली गोष्ट देत नाहीत. मग आम्ही विचारलेल्या प्रश्नाचं बरोबर उत्तर देतो, आणि प्रश्नच चुकलेला असतो."

हे वाक्य मी वहीत लिहून ठेवलंय.

काका-पुतणीच्या टेस्टचं आणखी एक. बाप आणि मुलीत प्रत्येक ठिकाणी एक आकडा जुळावाच लागतो. काका-पुतणीत तसं बंधन नाही. सरासरीनं पाव हिस्सा सारखा असतो, पण नशिबानं कमी-जास्त होतं. सख्खा काका असूनही पुष्कळ ठिकाणी काहीच जुळत नाही, आणि रिपोर्ट येतो "निश्चित सांगता येत नाही" असा. कधी तर नातं नसल्याकडेच झुकलेला येतो. असा कागद भायाच्या वकिलाच्या हातात पडला असता तर? "निश्चित सांगता येत नाही" याचा गावात अर्थ काय होतो, ते मी सांगायला नको.

आमच्या प्रकरणात तर भाया तिच्या आईचाही आतेभाऊ. म्हणजे मुलीचं त्याच्याशी काही ना काही आईकडूनही जुळणारच, बाप कुणीही असो. माप घ्यायची पट्टीच दोन्ही टोकांनी ताणलेली.

मी विचारलं, ते वंशाचं काहीतरी असतं ना, वाय, बापाकडून मुलाकडे जाणारं? भाचा म्हणाला, "अगं, मुलगी आहे ना ती. मुलींना वाय नसतो." आणि मुलगा असता तरी उपयोग नव्हता, कारण तिन्ही भावांचा वाय एकच. त्यांच्या वडिलांचा, आज्याचा, चुलत भावांचा, साऱ्या भावकीचा एकच. मला गंमत वाटली. भावकी आणि सोयरे हे दोन शब्द आपण रोज वापरतो, आणि शास्त्रानं तीच रेघ ओढलेली. वाय भावकीतून चालतो, सोयऱ्यांत जात नाही.

यावरून त्यानं अमेरिकेची गोष्ट सांगितली. थॉमस जेफरसन हे तिथले तिसरे अध्यक्ष. त्यांच्याकडे सॅली हेमिंग्ज नावाची गुलाम स्त्री होती, आणि तिची मुलं जेफरसन यांचीच, असं तेव्हापासून बोललं जायचं. जेफरसन यांच्या नातवंडांनी मात्र सांगितलं की ते भाच्यांचं काम, म्हणजे जेफरसन यांच्या बहिणीच्या मुलांचं. दोनशे वर्षांनी, १९९८ मध्ये, वाय तपासला. जेफरसन यांना स्वतःचा मुलाकडून चाललेला वंश नव्हता, म्हणून त्यांच्या चुलत्याच्या वंशजांचं रक्त घेतलं. सॅलीच्या धाकट्या मुलाच्या वंशजाचा वाय त्यांच्याशी जुळला, भाच्यांच्या घराण्याशी जुळला नाही. भाचे सुटले, कारण बहिणीची मुलं म्हणजे सोयऱ्यांच्या घरची, त्यांचा वाय वेगळा. पण जेफरसन यांचा सख्खा भाऊ होता, पुतणे होते. त्यांचा वाय तोच! त्यामुळे रक्तानं "या घरातला" एवढंच सांगितलं. "घरातला कोणता" हे इतिहासकारांनी कागदांवरून ठरवलं. प्रत्येक मुलाच्या जन्माआधी नऊ महिने जेफरसन घरी होते का, याच्या नोंदी पाहिल्या. ते होते. त्यावरून बहुतेकांनी बाप तेच असं मानलं.

जुळ्या भावांचं तर विचारूच नका. अगदी एकसारखे जुळे असले की हे नेहमीचे आकडे सगळेच्या सगळे सारखे. ब्राझीलमध्ये २०१९ मध्ये असे दोन भाऊ एकमेकांकडे बोट दाखवत होते, तेव्हा न्यायाधीशांनी दोघांनाही पोटगी भरायला लावली. मला हा निकाल फार आवडला.

आणि डीएनएची ही तपासणी जगात पहिल्यांदा नात्याच्या प्रश्नासाठी वापरली गेली, तेव्हाही कोडं नात्यातलंच होतं. इंग्लंडमधल्या लेस्टरच्या अॅलेक जेफ्रीज यांनी १९८४ मध्ये ही पद्धत शोधली. पुढच्याच वर्षी घानाहून परतलेल्या एका मुलाला सरकार देशात घेईना. ही बाई याची आई नाही, मावशी असेल, असा संशय. बाप तपासणीसाठी नव्हता. जेफ्रीज यांनी आई आणि तिची बाकीची तीन मुलं तपासली, त्या भावंडांवरून बापाची बाजू जुळवून काढली, आणि मुलगा तिचाच, हे दाखवलं. आई की मावशी! म्हणजे पहिला धडाच अवघड होता, आणि तो सुटला, कारण नेमका प्रश्न आधी माहीत होता आणि योग्य माणसं समोर होती.

आमच्याकडे योग्य माणूस कोण? जो गेला त्याचं काहीच उरलं नव्हतं. दवाखान्यात कधी रक्ताचा नमुना किंवा गाठीचा तुकडा ठेवलेला असला तर त्यावरून होतं म्हणे, पण त्याला कधी साधा तापही आला नव्हता. अस्थी आमच्या गंगाखेडच्या घाटावरून गोदेत गेल्या. तशाही चितेत जळलेल्या हाडांत वाचण्यासारखं फारसं उरत नाही.

राहिली सासू. तिच्या रक्तातून काही निघालं असतं. बाप आपल्या आईकडून मिळालेला एक्स मुलीला जसाच्या तसा देतो. म्हणजे मुलीच्या एका एक्सवरचे सगळे आकडे आजीकडे सापडलेच पाहिजेत. नाही सापडले तर बाप त्या आजीचा मुलगाच नव्हे. सापडले तर तिच्या मुलांपैकी कुणीतरी. कोणता, ते पुन्हा नाही! त्यातही इथं आजी म्हणजे आईची आत्या. मुलीच्या आईकडचा एक्सही काही ठिकाणी आजीशी जुळणार, कारण दोघींपर्यंत तो एकाच पणजीकडून आलेला. म्हणून आईलाही तपासल्याशिवाय त्या जुळण्याला अर्थ नाही.

खरं उत्तर एकाच माणसाच्या रक्तात होतं, धाकट्या दिराच्या. त्याला, मुलीला आणि आईला एकत्र तपासलं असतं तर तो बाप की काका हे कळलं असतं. आणि नेमकं त्याचंच नाव कुठल्याही कागदावर नव्हतं.

त्या रात्री मला झोप लागली नाही. कपाटातून इरावतीबाईंचं 'युगान्त' काढलं. मराठीच्या शिक्षिकेला दुसरं काय सुचणार! युधिष्ठिर हा विदुराचा मुलगा असावा, असा तर्क त्यांनी त्यात मांडला आहे. विदुर हा यमधर्माचा अवतार, युधिष्ठिर धर्माचा पुत्र. विदुर धाकटा दीर, नियोगाला योग्य. आणि अखेरीस विदुर युधिष्ठिरातच विलीन होतो. पंचवीस वर्षांपूर्वी वाचलं तेव्हा मला ते धाडसाचं वाटलं होतं. आता भाच्याच्या शिकवणीनंतर मी वहीवर वंशवृक्ष काढून बघितला. धृतराष्ट्र, पांडू, विदुर तिघांच्या आया वेगळ्या, पण बाप एकच, व्यास. म्हणजे तिघांचा वाय व्यासांचा. हस्तिनापुरात प्रयोगशाळा असती तरी पांडू की विदुर हे वायवरून सांगता आलं नसतं. मागच्या पिढीत मात्र आलं असतं. विचित्रवीर्य शंतनूचा, व्यास पराशरांचे, आई तेवढी एक, सत्यवती. पण तिथं लपवाछपवी नव्हतीच. सासूनंच बोलावलं होतं, सगळ्यांना माहीत होतं, आणि तरी मुलं विचित्रवीर्याचीच म्हणवली गेली. क्षेत्र ज्याचं त्याचं पीक, हा तेव्हाचा कायदा.

आजचा कायदाही त्यापासून फार लांब नाही, हे तिच्या वकिलाकडे गेल्यावर कळलं. (मी सोबत गेले होते. वकील माझेच विद्यार्थी, त्यामुळे चहा मिळाला आणि फी कमी झाली.) १८७२ च्या पुरावा कायद्यातलं ११२ वं कलम. लग्न टिकून असताना, किंवा लग्न संपल्यावर २८० दिवसांच्या आत आणि आईनं दुसरं लग्न केलेलं नसताना जन्मलेलं मूल त्या नवऱ्याचंच मानायचं. सुटका एकाच गोष्टीनं: त्या काळात नवरा-बायकोची गाठ पडणं शक्यच नव्हतं, हे दाखवलं तर. पंधरा दिवसांनी घरी येणाऱ्या ड्रायव्हरच्या बाबतीत ते कसं दाखवणार? १ जुलै २०२४ पासून नवा भारतीय साक्ष्य अधिनियम आला, त्यात हेच ११६ वं कलम झालं आहे.

अर्थात कोर्टं दोन्हीकडे झुकलेली आहेत. आपल्या विदर्भातलं एक प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं होतं. १९९० मध्ये चंद्रपूरला लग्न झालेलं जोडपं, मुलीच्या पोटगीचा वाद. नागपूरच्या प्रयोगशाळेनं नवरा बाप नाही असं सांगितलं, मग हैदराबादच्या प्रयोगशाळेनंही तेच सांगितलं. जानेवारी २०१४ मध्ये न्यायालयानं शास्त्राचा पुरावा मानला आणि मुलीची पोटगी थांबवली. आधी दिलेले पैसे मात्र परत मागायचे नाहीत, असंही सांगितलं. उलट पुण्याच्या एका प्रकरणात फेब्रुवारी २०२३ मध्ये त्याच न्यायालयानं मुलाची डीएनए तपासणी नाकारली. बायकोचं वागणं सिद्ध करायचं तर दुसरा पुरावा आणा, त्यासाठी लेकराच्या जन्मावर शंका घेऊ नका, असा त्याचा सूर. वकिलांनी हाच निकाल पुढे केला. सोबत भाच्यानं सांगितलेला मुद्दाही मांडला की मागितलेली तपासणी ज्या प्रश्नासाठी आहे, त्याचं उत्तर ती देऊच शकत नाही.

तिला हे पटवणं मला जड गेलं. तिला वाटायचं, नाही म्हटलं तर लोक म्हणतील घाबरली. मी तिला म्हटलं, अगं, गणिताच्या पेपरात भूगोलाचं उत्तर लिहून मार्क मिळत नाहीत. मग ती हसली.

मधल्या काळात धाकटा दीर चाकणहून आला. तिथं तो कंपनीत आहे. तो तिला म्हणाला, "वहिनी, माझं रक्त पाहिजे तर मी देतो." तिनं नको म्हटलं. का नको म्हटलं, हेही मी विचारलं नाही.

सासूची साक्ष झाली. ही बाई सुनेशी वर्षानुवर्षं धड बोलत नव्हती. भावाची लेक असली तरी तिला मुलगा झाला नाही हा राग. ती कोर्टात काय बोलेल याची आम्हाला धास्ती होती. तिला विचारलं, ही मुलगी तुमच्या मुलाची आहे का? म्हातारी म्हणाली, "तिचे कान बघा की. माझ्या लेकाचे कान हायेत." आता तिच्या तिन्ही लेकांचे कान तसेच, बाहेर आलेले, पाळी चिकटलेली. मी मागच्या बाकावर बसले होते, तिथून मला थोरल्याचे कान स्पष्ट दिसत होते. पण न्यायाधीशांनी ते लिहून घेतलं. मला वाटतं, म्हातारीला त्याहून बारीक उत्तर द्यायचंच नव्हतं. तिच्या लेखी रक्त घरचंच होतं, आणि तिचा प्रश्न तिथं संपत होता.

तपासणीचा अर्ज नामंजूर झाला. भायानं पुढे अपील केलं नाही. सातबारावर तिघींची नावं लागली, तिचं, मुलीचं आणि सासूचं. सासूनं आपला दीड एकर काही सोडला नाही, थोरला तो कसतो. यंदा दोघांचं सोयाबीन एकाच बांधाच्या दोन बाजूंना होतं.

मागच्या मे महिन्यात धाकट्याचं लग्न झालं. ती मुलगी त्यात करवली होती. आता सातवीत आहे, आईसारखंच अक्षर आहे. लग्नातला फोटो तिनं मला मोबाईलवर पाठवला. मधे नवरा-नवरी, एका बाजूला थोरला फेटा बांधून, खुर्चीत म्हातारी, आणि पुढे हातात कलश घेतलेली पोरगी. केस वर बांधल्यामुळे कान अगदी उठून दिसताहेत.